मुंगी चावेल, एवढंच

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये मला एक फुकटची नोकरी आहे. खालच्या मजल्यावरचा चार वर्षांचा मुलगा जेवत नसला की त्याची आई दार उघडून हाक मारते, "ओ ताई, जरा येऊन जा ना!" मी फक्त दारात जाऊन उभं राहायचं. ड्यूटीवरून नुकती आलेली असले, अंगावर युनिफॉर्म असला तर फारच उत्तम. तो मला बघतो आणि तोंडातला घास चावायचंही विसरून गिळून टाकतो. पूर्वी लोक बागुलबुवा दाखवायचे, आता सिस्टर दाखवतात. मला त्याची गंमत वाटायची. मीही डोळे वटारून "सुई आणू का?" असं म्हणून टाळ्या मिळवलेल्या आहेत, खोटं कशाला सांगू.

लहान मुलांच्या वॉर्डात मला सव्वीस वर्षं झाली. आधी कल्याणला आणि गेली बरीच वर्षं ठाण्याच्या एका हॉस्पिटलात. तिथे माझी ख्याती अशी की हिचा हात हलका आणि जीभ जड. तान्ह्या बाळाची केसाएवढी शीर मला बोटाने लागते. पण नातेवाईक चप्पल घालून आत आले, पलंगावर बसले, एका मुलामागे पाच माणसं जमली की माझं डोकं फिरतं, आणि फिरलेलं डोकं झाकून ठेवायची कला मला कधी जमली नाही.

माझे दोन नियम होते. पहिला, सुई लावताना घरचं कोणी खोलीत नको. आया घेरी येऊन पडतात आणि मग दोन पेशंट होतात. बाप आमच्यावर ओरडतात. आज्या तर ऐन वेळी मुलाचा हात ओढून घेतात आणि वर म्हणतात, "एवढंसं लेकरू, तुमच्या काळजाला काही आहे की नाही?" म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं, दार लावायचं, मावशींनी मूल धरायचं, मी सुई लावायची. दोन मिनिटांचं काम.

दुसरा नियम म्हणजे एक वाक्य. ते मला कल्याणला माझ्या पहिल्या सिनियरने शिकवलं. विठ्ठलवाडीहून यायची, अंगाने भरलेली, आवाज मात्र गोड. "घाबरायचं नाही हं, एक मुंगी चावेल, एवढंच." ती हे तालावर म्हणायची. 'घाबरायचं नाही'ला कातडी ताणायची, 'मुंगी'ला सुई आत, 'एवढंच'ला चिकटपट्टी. मूल किंचाळेपर्यंत वाक्य संपलेलं आणि कामही झालेलं. मी ते तिच्याकडून उचललं आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला शिकवलं. आमच्या वॉर्डात ते इतकं रुळलं की झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा मूल रडायला लागलं की लांबूनच म्हणायच्या, "मुंगी रे मुंगी!"

गेल्या वर्षी खाडीकाठच्या बाळकुमची एक मुलगी आमच्याकडे दाखल झाली. पाच पूर्ण व्हायची होती. डावा गुडघा नारळाएवढा सुजलेला, ताप उतरत नव्हता. सांध्यात पू झाला होता. हाडांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गुडघा उघडून धुतला आणि तीन आठवडे शिरेतून औषध द्यायचं ठरवलं. असला पू आत राहिला तर सांधा खातो. मूल जगतं, पण जन्माचं लंगडतं. त्यामुळे डॉक्टर या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये.

तिच्याबरोबर तिचा बाप राहायचा. आई घरी, कारण कुशीत तीन आठवड्यांचं दुसरं बाळ. वॉर्डात बाप म्हटला की माझ्या कपाळाला आठी. त्यांना चादर बदलता येत नाही, मुलीचे केस विंचरता येत नाहीत, आणि बाकीच्या आयांना अवघडल्यासारखं होतं. हा गृहस्थ कोळी. खाडीवर वाढलेला, पण खाडीत आता पोटापुरतं मिळत नाही म्हणून एका टॉवरच्या गेटवर वॉचमनची नोकरी करत होता. अंगाने दणकट, बोलायला अगदी मवाळ. मी "बाहेर!" म्हटलं की हातातला चहा तसाच ठेवून निघून जायचा. दाराबाहेर बाकावर बसायचासुद्धा नाही, भिंतीला टेकून उभा राहायचा. मला वाटायचं, चला, एक तरी शिस्तीचा नातेवाईक मिळाला.

पाच-सहा दिवसांत ताप गेला, सूज उतरली. आता व्यायाम घेणाऱ्या मुलीने तिला पलंगाच्या कडेला बसवून पाय जमिनीला टेकवायचा होता. ती आली, तिने गोड बोलून पाहिलं, फुगा दिला, बापाचा मोबाईल दाखवला. पोरगी पलंगावर बसून सगळं करायची. पाय जमिनीच्या दिशेने निघाला की मात्र अशी किंचाळायची की शेजारच्या वॉर्डातले लोक डोकावून जायचे. नुसतं "नको, खाली नको!" त्यापुढे एक शब्द नाही. हळूहळू बोलणंही कमी झालं. पलंगाच्या बरोबर मध्यावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि तासातासाला बापाला चादर झटकायला लावायची.

एका दुपारी बाप माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता, मी चार्ट लिहीत होते. शेवटी म्हणाला, "ओ शिस्टर, पलंगाला मुंग्या हायत काय? पोर सारखी मुंग्या मुंग्या करते."

झालं. माझा पारा चढला. "बिस्किटं सांडता, चहा सांडता, मग मुंग्या येणार नाहीत तर काय मोर येणार? आमच्या वॉर्डात मुंग्या नाहीत. आल्या असतील तर तुमच्यामुळे." मी मावशींना हाक मारली आणि पलंगाच्या चारही पायांभोवती मुंग्यांच्या खडूने जाड रेघा मारायला सांगितल्या. मावशींनी त्या मन लावून मारल्या. मुलगी वरून वाकून बघत होती. त्या दिवसापासून तिने पलंगाच्या कडेलाही यायचं सोडलं.

शनिवारी डॉक्टरांनी गुडघ्याची सोनोग्राफी केली. थोडं पाणी दिसत होतं. ते साधं पाणी की पुन्हा पू, हे चित्रावरून सांगता येत नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट बरा होता, पण पूर्ण चांगला नव्हता. आणि दहा दिवसांनंतरही मूल पाय टेकत नाही, टेकवायला गेलं तर जिवाच्या आकांताने ओरडतं. डॉक्टरांनी दोन आणि दोन चार केले. म्हणाले, "सोमवारी सकाळी पुन्हा उघडू. थांबण्यात अर्थ नाही." बापाने कागदावर सही केली. सही करताना त्याने विचारलं, "पुन्ना बेशुद्ध करनार?" डॉक्टर हो म्हणाले. तो पेन परत देऊन खिडकीकडे गेला. मी बघितलं आणि पुढच्या पलंगाकडे वळले. माझ्याकडे अठरा मुलं होती.

रविवारी माझी सकाळची ड्यूटी होती. अंग पुसायला मी तिच्या पलंगाशी गेले. चादर ओली झाली होती, म्हणून तिला उचलून कडेला बसवायला गेले तर तिने दोन्ही पाय झपकन वर ओढले आणि गुडघे हनुवटीला लावले.

मी तशीच थांबले. डावा गुडघा दुखरा, कबूल. पण उजव्याला काय धाड भरली होती? आणि तो डावा, ज्याच्यात पू आहे असं आम्ही धरून चाललो होतो, तो तिने पार दुमडून घेतला होता. पू भरलेला सांधा असा दुमडत नाही. मूल मरून जाईल पण दुमडणार नाही. एवढी वर्षं या कामात काढल्यावर एवढं कळतं. दहा-अकरा दिवस मी तिचा चार्ट वाचत होते, तिला वाचायचं राहूनच गेलं होतं.

"ही पाय खाली का ठेवत नाही?" मी बापाला विचारलं.

तो घुटमळला. "बोलू काय? तुमी रागावता."

"नाही रागावत. बोला."

"ती मुंग्यांना भ्येते. पन शिस्टर, घरी नाय भ्येत. आमच्या ओट्यावर म्हावरा सुकत घालतो, तिथं मुंग्यांची लाईनच असते. ही त्यांच्यातून अनवानी पलते. हितं आल्यापासून काय झायलं कुनाला म्हाईत."

मी मुलीकडे वळले. "तुला मुंगी चावली?"

मान होकाराने हलली.

"कुठे चावली, दाखव बघू."

तिने उजवा हात पुढे केला. सलाईन लावलेला, पट्टी गुंडाळलेला हात. दुसऱ्या हाताच्या बोटाने पट्टीला अगदी जपून स्पर्श केला आणि म्हणाली, "हितं. तू आनलेलीस ती. अजून आत हाय."

मला कळायला एक क्षण लागला. मग सगळंच कळलं. तिला आतापर्यंत चार वेळा सुई लागली होती. चारही वेळा बाप बाहेर, दार बंद, मावशींनी दाबून धरलेलं, आणि मी किंवा मी शिकवलेली कोणीतरी म्हणत होतो, एक मुंगी चावेल, एवढंच. ती कोळ्याची मुलगी, मुंगी तिला ठाऊक होती. पण इथली मुंगी वेगळी निघाली. ही चावली की हातातून कळ डोक्यात जाते. ती पट्टीखाली बसून राहते. दर सहा तासांनी औषध सोडताना शीर जळजळते, म्हणजे ती आतून पुन्हा चावते. आणि सिस्टर म्हणते, एवढंच. मग जमिनीवर ज्या मुंग्या फिरतात त्यांतल्या कोणत्या घरच्या आणि कोणत्या इथल्या, हे पोरीने कसं ओळखायचं? त्यात आम्ही पलंगाभोवती खडूच्या रेघा मारून तिची खात्रीच करून दिली.

बापाने माझ्याकडे पाहिलं. "तुमी तिला मुंगी बोललात? सुईला?"

"हो."

"मी आत असतो तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. त्याच्या सभ्यपणामुळे सोडलं, नाहीतर पुढचं मलाही येत होतं. तो आत असता तर त्याने ते वाक्य ऐकलं असतं आणि मुलगी मुंग्या म्हणाली त्या दिवशीच त्याला उलगडा झाला असता. त्याला बाहेर मी काढलं होतं. तो सांगायला आला तेव्हा त्यालाच बिस्किटांवरून झापलं, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मला इतकी लाज वाटली की मी ओल्या चादरीच्या घड्या घालत बसले.

मी डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले. मग मी दुमडलेल्या गुडघ्याचं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, "सिस्टर, तुमचं निरीक्षण मी मोडीत काढत नाही. पण मुंग्यांच्या भरवशावर मी गुडघा सोडू शकत नाही. उद्या नऊ वाजता मी येतो. तोवर तिने माझ्यासमोर पाय टेकून भार घेतला तर थांबू. नाहीतर थिएटर." त्यांचं चुकीचं नव्हतं. पू असता आणि आम्ही थांबलो असतो, तर तिच्या उरलेल्या आयुष्याचा जबाब त्यांना द्यावा लागला असता.

मग मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलले. ती मुंगी नव्हती, सुई होती. मुंग्या अशा चावत नाहीत." तिच्या हातावरची पट्टी सोडून दाखवली. नवीन पाकीट फोडून सुई दाखवली, सुईवरची मऊ प्लास्टिकची नळी वेगळी करून दाखवली. सुई आम्ही लगेच बाहेर काढतो, आत ही नळी राहते, म्हटलं. तिने सगळं नीट पाहिलं. नळी बोटाने दाबूनही पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खोटं."

"खरंच सांगते गं."

"तू आदी पन असंच बोललेलीस."

 मला वाटलं होतं, चूक कबूल केली की काम झालं. आपण मोठी माणसं असंच समजतो. चूक कबूल करून आपलं मन हलकं होतं, पण समोरच्याला त्यातून एवढंच कळतं की ही बाई खोटं बोलू शकते. बापानेही सांगून पाहिलं. जमिनीवर अनवाणी पाय आपटून दाखवले. ती त्याला म्हणाली, "तुना कुटं म्हाईत, तू भायेर व्हतास."

दुपारी दोनच्या सुमाराला औषध सोडताना तिचा हात सुजला. शीर फुटली होती, नवीन सुई लावायला हवी होती. मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. आज नेमकी पाचवी सुई, आणि तीही मीच लावायची.

मावशी नेहमीप्रमाणे दार लावायला उठल्या. बापही नेहमीप्रमाणे निघाला. मी म्हटलं, "तुम्ही थांबा. तिला मांडीवर घ्या."

तो गोंधळला. "तुमीच तर भायेर जा बोलता."

"आजपासून नाही बोलत. मावशी, तुम्ही जा."

तो बसला, मुलीला मांडीवर घेतलं. माझ्या हातातला ट्रे बघून ती ताठ झाली. आणि बाप, बिचारा, आपल्या सगळ्यांसारखंच बोलून गेला, "नाय दुखनार हां, बाय माजी."

"असं नका सांगू तिला," मी म्हटलं.

"मंग काय सांगू?"

"जे खरं आहे ते."

तो विचारात पडला.  मग त्याने मुलीला आपला डावा तळहात दाखवला. त्यावर जुनी, पांढरी पडलेली खूण होती. "म्हाईत हाय ना, मना शिंगाल्याचा काटा लागलेला? हात सुजलेला, मी रडलेलो? तवरं नाय दुखनार. पन दुखंल. मी हाय हितंच. धरून हाय." शिंगाळा म्हणजे खाडीतला मासा, त्याचा काटा विषारी, माणसाला आडवा करतो. तो रडला होता ते तिने पाहिलं असणार, कारण तिने त्या खुणेवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

मग माझी पाळी. जीभ सवयीने वळली होती, 'घाबरायचं नाही' ओठांवर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "दुखेल. सुई आत जाताना खूप दुखेल. तू ओरडलीस तर चालेल, फक्त हा हात हलवू नको, तो पप्पा धरतील. मी एकदा बघते. शीर नाही मिळाली तर थांबेन, तुला सांगेन, आणि मग दुसऱ्यांदा बघेन."

"एकदाच" म्हणायचा मोह झाला होता. बरं झालं नाही म्हटलं, कारण पहिल्यांदा शीर सापडली नाही. वर्षाकाठी एखादी चुकायची, ती नेमकी त्या दिवशी चुकली.  मुलगी ओरडत होती, बापाचे डोळे भरले होते पण त्याची पकड ढळली नाही. मी सुई बाहेर काढली, कापूस धरला आणि म्हटलं, "नाही मिळाली. चूक माझी. अजून एकदा दुखणार आहे."

ती हुंदके देत माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड बापाच्या शर्टात खुपसलं आणि हात माझ्याकडे तसाच ठेवला. कोणी धरून ठेवलेला नव्हता. तिने आपणहून ठेवला होता.

दुसऱ्यांदा शीर मिळाली. नळी आत गेल्यावर मी सुई काढून तिला दाखवली, तिच्यासमोर डब्यात टाकली. ती बराच वेळ रडली. आम्ही कोणी तिला गप्प बस म्हणालो नाही. रडणं उतरल्यावर ती म्हणाली, "दुखलं."

"हो."

"लय दुखलं."

"हो. मी सांगितलं होतं दुखेल म्हणून."

 मी चिकटपट्टी नीट लावली, नळीला पट्टी गुंडाळली. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "आनि मुंगी? खालची?"

"चावली तर चिमटा काढल्यासारखं होतं. मग खाजतं. सुईएवढं नाही."

तिने बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "शिस्टर बोलतात ते बरोबर." ती पलंगाच्या कडेला सरकली, पाय खाली सोडले आणि जमिनीकडे बघत बसली. जमिनीपासून वीतभर उंच. त्याच्या पुढे गेली नाही. माझी ड्यूटी संपली तेव्हाही पाय तसेच लोंबकळत होते.

त्या दिवशी घरी जाताना आमची बस शीळफाट्याला नेहमीसारखी तासभर अडकली. मी हिशोब लावायचा प्रयत्न केला, हे वाक्य मी आजवर किती मुलांना ऐकवलं असेल. लागला नाही. त्यांतली कितीतरी आता मोठी होऊन स्वतःच्या मुलांना सुई लावायला आणत असतील आणि बाहेर उभी राहत असतील. ही एक मुलगी बोलली म्हणून मला कळलं. बाकीच्यांनी आपापल्या मुंग्या बरोबर घरी नेल्या. कोणी अंथरुणात ओलं करायला लागलं असेल, कोणी बागेत बसायला नको म्हणालं असेल, आणि आयांनी म्हटलं असेल, आजारपणापासून हट्टी झालाय. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून काही उपयोग नव्हता.

सोमवारी मी आठच्या आधी पोचले. तिला पहाटेपासून उपाशी ठेवलं होतं, भुकेने चेहरा एवढासा झाला होता. थिएटरचा हिरवा झगा घातलेला, केसांना टोपी. बापाने तो झगा उलटा घातला होता, नाड्या पुढे. मी काही न बोलता सरळ केला. त्याने हळूच सांगितलं, "सकालपासून दोनदा पाय खाली नेला. टेकत नाय."

नऊला डॉक्टर आले. मागोमाग थिएटरची ट्रॉली दारात येऊन थांबली. डॉक्टर तसे चांगले, मुलांशी खाली वाकून बोलणारे. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्या पावलाखाली आपला हात धरला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "चल, पाय खाली ठेव. अजिबात दुखणार नाही."

तिने दोन्ही पाय वर ओढले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आता काय करणार अशा अर्थी. ते उठायला लागले. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"दुखंल?" तिने मला विचारलं.

डॉक्टरांनी आत्ताच नाही म्हणून सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत मी पेशंटसमोर डॉक्टरांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आमच्यात ती मोठी चूक समजतात. बाप माझ्याकडे बघत होता, ट्रॉलीवाले बघत होते, आणि नाही म्हणणं इतकं सोपं होतं.

"दुखेल," मी म्हटलं. "गुडघा बरेच दिवस वाकलेला आहे. उभी राहिलीस की ओढेल, दुखेल. मग कमी होईल."

डॉक्टर थांबले. तिने बापाचा अंगठा मुठीत पकडला, डावा पाय खाली नेला, बोटं टेकवली, मग टाच. तिचं तोंड कळवळून वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मग उजवा पाय आला आणि तिचं सगळं वजन त्या दोन पायांवर पडलं.

"दुखलं," ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि उभीच राहिली.